मैथिलीचं ग्राफिक कार्ड

नागपूरचं साइटवरचं काम आटोपून मैथिली रविवारी सकाळी ठाण्याला नौपाड्यातल्या घरी आली आणि अंघोळ करून थेट आपल्या पीसीसमोर बसली. हा पीसी तिने दुकानातून तयार आणलेला नव्हता. आधी कॅबिनेट, मग मदरबोर्ड, मग प्रोसेसर असं एकेक जमवत तिने तो घरच्या जेवणाच्या टेबलावर स्वतः जोडलेला. गेम खेळायला लागणारं ग्राफिक कार्ड सगळ्यात शेवटी आलं. ते परवडावं म्हणून तिने तडा गेलेला फोन वर्षभर तसाच वापरला होता.

तिने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण स्क्रीन काळीच राहिली. केबल सैल झाली असेल म्हणून तिने कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढलं आणि काचेतून आत पाहिलं. कार्डाची जागा रिकामी होती.

"आई, माझ्या पीसीला कोणी हात लावला?"

आई हॉलमध्ये गवार निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "अगं, संदेशमामा आला होता. त्याच्या हर्षितला बारावीला चांगले मार्क मिळाले ना, त्याला कॉम्प्युटर घेतलाय. त्यात ते बसवायचं होतं. दुकानातला माणूस घेऊनच आलेला, पाच मिनिटांत काढलं त्याने."

"आणि तू काढू दिलंस? मला एक फोन नाही केलास?"

"तू कामात होतीस. आणि घरातलीच वस्तू, घरातच गेली. तू तरी किती वर्षं खेळणार आहेस? उद्या लग्न झालं की ते धूड सासरी नेणार आहेस का?"

मैथिलीने बाबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "मला वाटलं, तुला विचारलं असेल," ते म्हणाले. तिला आईपेक्षा त्यांचाच जास्त राग आला. दोन पावलांवर उभं राहून त्यांनी हे सगळं होऊ दिलं होतं.

तिने कपाटातून कार्डाचा रिकामा खोका काढला, स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि डोंबिवली गाठली.

मामाच्या घरी हर्षितचे मित्र जमले होते. नव्या टेबलावर नवा पीसी झगमगत होता आणि मामा सगळ्यांना समोसे वाढत होता. "ये गं, ये," तो म्हणाला. "बघ तुझ्या भावाचा सेटअप."

हर्षित खुर्चीतून उठून हसला. "ताई, थँक्स हां. पप्पा म्हणाले, तू नवीन कार्ड घेतलंस म्हणून हे मला गिफ्ट दिलंस."

मैथिलीने रिकामा खोका टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "मी नवीन काही घेतलेलं नाही. आणि हेही कुणाला दिलेलं नाही."

हर्षितने वडिलांकडे पाहिलं. मित्र समोसे हातात धरून बसले.

"मुलांसमोर कशाला हे?" मामा आवाज खाली आणून म्हणाला. "बाजारात भाव उतरले की त्याला दुसरं घेणारच होतो. तुझं तुला परत मिळालं असतं."

"मग गिफ्ट म्हणून का सांगितलंस?"

"विचारलं असतं तर तू दिलं असतंस का?"

"महिनाभरासाठी मागितलं असतंस तर दिलंही असतं. तू मागितलंच नाहीस, मामा. मी नागपूरला गेल्यावर माणूस घेऊन आलास."

"एवढ्याशा गोष्टीसाठी नातं तोडतेस?"

"एवढीशी गोष्ट होती तर डोंबिवलीहून ठाण्याला कशाला आलास?"

मामा पुढे काही बोलायच्या आत हर्षितने पीसी बंद केला आणि मागची वायर काढली. त्याचे कान लाल झाले होते. "ताई, काढ," तो म्हणाला. "मला खरंच माहीत नव्हतं."

तिने सगळ्यांसमोर दोन स्क्रू सोडवले, कार्ड धरून ठेवणारा खटका दाबला, कार्ड अलगद बाहेर काढलं आणि खोक्यात ठेवलं. जयामामी चहा घेऊन दारापर्यंत आली, पण मैथिली थांबली नाही.

घरी कार्ड परत बसवताना तिला दिसलं की तिच्या मदरबोर्डवरचा खटका तुटला होता. त्या पाच मिनिटांच्या माणसाने तो न दाबताच कार्ड ओढलं असणार. पीसी चालू झाला, पण आता कार्ड एका बाजूने किंचित लोंबत होतं. तिने खाली खोडरबराचा तुकडा टेकवला. 

"आता राखीला मी डोंबिवलीला कुठल्या तोंडाने जाऊ?" आईने दारातून विचारलं.

"ज्या तोंडाने त्याला हो म्हणालीस, त्याच."

संध्याकाळी हर्षितचा मेसेज आला. सॉरी म्हणून त्याने लिहिलेलं, स्वस्तातलं कुठलं कार्ड चालेल? तिने त्या दिवशी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन कार्डांची नावं पाठवली, आणि जुनं घेणार असशील तर मला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस, असंही लिहिलं.

मामाचा फोन मात्र आला नाही. आई आठवडाभर तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. एकदा मावशीशी फोनवर बोलताना तिचा आवाज खोलीपर्यंत आला: "अगं, कॉम्प्युटरचा साधा एक तुकडा, आणि हिने भावाच्या घरात जाऊन उपटून आणला."

मैथिली उठून हॉलमध्ये गेली आणि आईच्या समोर उभी राहिली.

"माझा होता, हे पण सांग मावशीला," ती म्हणाली, आणि आई ते सांगेपर्यंत तिथून हलली नाही.