श्राद्धापुरती मुदत

वकिलाच्या घरचा सौदा म्हणजे काय विचारता! चार पानी सौदाचिठ्ठी, दर पानावर सही, आणि एकेक शब्द सोनाराच्या काट्यावर तोलून घातलेला. अमरावतीत राजापेठेच्या अंगाला गोपाळकृष्ण वकिलांचं पाच खोल्यांचं घर होतं, मागे विहीर, विहिरीशी पेरूचं झाड. एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्यांनी ते विकायला काढलं. थोरला मुलगा बंडू अकोल्याला कॉलेजात शिकवायचा. म्हातारपणी तिकडेच जाऊन राहावं, असं वकिलांनी आणि रमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ठरवलं होतं.

गिऱ्हाईक आलं देवमन. भूमापन कचेरीत कारकून, धुवट कपड्यातला, मोजकं बोलणारा माणूस. पाच वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन त्याने सहकुटुंब धम्म घेतला होता. त्याला घर देणार म्हटल्यावर आळीतल्या दोन-चार घरांनी नाकं मुरडली. वकील पान लावता लावता म्हणाले, "जातपात तुम्ही पाळा, मी नाही." बोलायला काय जातं हो! पण रमाबाईंना त्या दिवशी नवऱ्याचा अभिमान वाटला होता, हे खोटं कशाला म्हणा.

देवमनने वलगावचं बापाचं वावर विकून इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, भरला. बाकीचे पैसे सरकारी घरकर्जातून यायचे होते, आणि सरकारचं कर्ज म्हणजे दहा टेबलांवरून फिरून येणार. म्हणून वकिलांनी चांगली लांबची मुदत घातली: तीस सप्टेंबरच्या आत खरेदीखत नोंदवायचं. त्याखाली आणखी एक ओळ होती. मुदत हाच या कराराचा मुख्य भाग समजावा, ती चुकली तर सौदा रद्द. देवमनने ती वाचली, मान हलवली आणि सही केली. आपल्याकडून कशाला चुकेल, असं त्याला वाटलं असणार.

आणि चुकलीही नसती. कर्ज वेळेत मंजूर झालं. सप्टेंबर सरत आला तेव्हा देवमन आणि त्याची बायको दुर्गाबाई पेढे घेऊन आली. देवमन म्हणाला, "उद्या-परवा कचेरीत जाऊन नोंदवून टाकू, वकीलसाहेब. सारे कागद तयार आहेत."

तेव्हा पितृपक्ष लागला होता. रमाबाई दारामागून ऐकत होत्या, त्या बाहेर आल्या. त्यांचा धाकटा मुलगा उद्धव याच घरात गेला होता, माजघरात, विषमज्वराने, वयाच्या सतराव्या वर्षी. त्याला नऊ वर्षं झाली होती. त्याची तिथी दशमीची, म्हणजे तीस तारखेनंतर चौथ्या दिवशी. घर एकदा दुसऱ्याच्या नावावर झालं की परक्याच्या घरात श्राद्ध कसं घालायचं?

"दुर्गाबाई," त्या म्हणाल्या, "एक मागते. जिथे त्याचा जीव गेला तिथे एवढं शेवटचं पान वाढू द्या मला. श्राद्ध झालं, अमावस्या उलटली, की लगेच खरेदीखत करू. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे."

दुर्गाबाईने नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "करा बाई, तुमच्या लेकाचं करा. आमी तं हे सारं छप्पन सालीच सोडलं. पन मायच आहो मी बी. मी काहून नाही म्हनू?"

देवमन जरा घुटमळला. कचेरीतला माणूस, कागदाची सवय. चाचरत म्हणाला, "मंग चिठ्ठीच्या मांगं दोन ओळी लेहून देता काय, साहेब? मुदत वाढवली म्हणून. नाही म्हणजे, कर्जाचं काम आहे."

तो वावगं काय बोलला होता? पण रमाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "माझ्या लेकाच्या श्राद्धाचा स्टँप करता का हो देवमनराव? त्याच्या पिंडावर सही-शिक्का मारायचा?"

दुर्गाबाईने नवऱ्याचा हात दाबला. देवमन ओशाळला, "चुकलं बाई," म्हणाला आणि उठला. मेलेल्या पोराच्या आईपुढे कागद मागायचा नसतो, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. वकील या सगळ्यात नुसते हसले होते आणि अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

तीस सप्टेंबर आली आणि गेली. दशमीला श्राद्ध झालं, नीट झालं. अमावस्या झाली, नवरात्र बसलं. देवमन आला तेव्हा वकील म्हणाले, "दसरा होऊ द्या." दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवमन पुन्हा आला, आणि रमाबाईंनी आतून जे ऐकलं त्याने त्यांच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं.

"मुदत संपली, देवमनराव," वकील शांतपणे सांगत होते. "करार तुम्ही वाचला होता. तुमचा इसार पै न पै परत करतो. बुडवण्याचा हक्क आहे मला, पण मी तसला माणूस नाही."

आता यामागची गोम ऐका. अकोल्याचे जानराव जिनिंगवाले घर पाहून गेले होते. त्या अंगाने रस्ता रुंद होणार, पुढे दुकानं निघतील, अशी आवई होती. जानरावांनी आकडा वाढवून सांगितला होता, आणि आळीनेही वकिलांच्या कानाशी आपलं तुणतुणं लावून धरलं होतं. माणसाला वाकायला दोन्ही बाजूंनी सोयीचं झालं की तो वाकतो.

देवमनने इसाराला हात लावला नाही. "इसार घेतला म्हणजे सौदा मोडला हे मीच कबूल केलं, इतकं मलेबी समजते," तो म्हणाला. "मले घर पाहिजे." आणि चपला घालून निघून गेला.

चहाच्या वेळी रमाबाईंनी विषय काढला. "अहो, शब्द दिला होता आपण."

"आपण नाही. तू दिलास," वकील म्हणाले. "आठवून पहा. मी एक अक्षर तरी बोललो होतो?"

रमाबाईंनी आठवून पाहिलं. खरंच, ते बोलले नव्हते. हसले होते फक्त. ते हसणं साधं होतं की तेव्हाच पोटात काही होतं, हे त्यांना कळेना, आणि चाळीस वर्षांच्या संसारानंतर कळू नये याचीच त्यांना भीती वाटली. चहा तसाच गार झाला.

चार दिवस तडफडत काढल्यावर त्या एकट्याच फ्रेजरपुऱ्यात गेल्या, देवमनच्या भाड्याच्या खोलीवर. दुर्गाबाई दारात सुपात तूर पाखडत बसली होती. तिने वर पाहिलं, पण बसा म्हणाली नाही. वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

"दुर्गाबाई, मला यातलं काही ठाऊक नव्हतं," रमाबाई म्हणाल्या.

"नसंन ठाऊक. मी कुठं म्हन्ते?" सूप थांबलं नाही. "हे कागद मांगत होते. मीच यायले गप्प केलं. म्हटलं, मेलेल्या लेकराच्या नावावर कागद मांगू नोका. आता रोज घरात तेच आयकून राहिली मी. तू काहून बोलली, तू काहून बोलली. सासऱ्याचं वावर गेलं, अन् घरबी गेलं. इसार वापस भेटल, पन वावर वापस येते काय?"

रमाबाई उभ्याच होत्या. दुर्गाबाईने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुमच्या पोराच्या पानात आमचं घर वाढलं तुमी, बाई."

हे शब्द रमाबाईंच्या काळजात असे बसले की पुढचं त्यांना नीट ऐकूच आलं नाही. नऊ वर्षं त्या पोरासाठी त्या दरसाल पान वाढत होत्या, त्याला पोचतं या एका विश्वासावर जगत होत्या. आणि यंदाचा घास दुसऱ्याच्या तोंडचा काढून त्याला घातला होता. असा घास पोचतो का? पोचला तर तो पोराला गोड लागेल का?

"मी सांगेन," त्या कशाबशा म्हणाल्या. "कोर्टात सांगायला लागलं तरी सांगेन."

"सांगसान तवा पाहू," दुर्गाबाई म्हणाली आणि सूप उचललं.

देवमनने दावा लावला. कोर्ट म्हणजे कोर्ट, दोन वर्षं तारखांवर तारखा पडल्या. घर ना विकता येई ना सोडता येई. जानराव कंटाळून दुसरीकडे गेले, पण वकील हट्टाला पेटले होते. ज्या कोर्टात आपण उभी हयात काढली तिथे एका कारकुनाने आपल्याला उभं करावं, हे त्यांना सोसवेना. देवमनच्या वकिलाने त्याला सांगून ठेवलं होतं: घराच्या सौद्यात मुदत चुकली म्हणून कोर्ट सहसा सौदा मोडत नाही, पण तुमच्या करारात ती ओळ आहे. मुदत त्यांनीच पुढे ढकलली, हे दाखवावं लागेल. दाखवणार कोण? तेव्हा तिथे चौघंच होती. दोघं एका बाजूची, दोघं दुसऱ्या बाजूची. म्हणून साक्षीचं समन्स रमाबाईंच्या नावाने निघालं.

आदल्या दिवशी वकील त्यांच्याजवळ येऊन बसले. कधी नव्हे ते आवाज मऊ होता. "हे बघ रमा, मी तुला खोटं बोल म्हणत नाही. विचारलं तर 'आठवत नाही' एवढंच म्हण. साठीला आलेल्या बाईला दोन वर्षांपूर्वीचं आठवत नाही, त्यात खोटं काय? एवढ्यावर आपली अब्रू राहील."

दोन शब्द होते. तेवढ्याने नवरा राखता आला असता, आणि त्याची खाली पडलेली मान वर झाली असती. खोटं सांगत नाही, त्या रात्री त्यांनी ते शब्द मनात घोळवून पाहिले होते.

कोर्टात सगळे ओळखीचे. ज्या शिपायाला त्यांनी दिवाळीचा फराळ पाठवला होता, त्यानेच त्यांचं नाव पुकारलं. त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, शपथ घेतली. समोर वकील बसले होते, मांडीवर हात ठेवून. मागच्या बाकावर दुर्गाबाई होती.

"मुदतीपूर्वी देवमन खरेदीखत करायला तयार होते का?" देवमनच्या वकिलाने विचारलं.

"होते," रमाबाई म्हणाल्या. "मी थांबवलं. माझ्या मुलाचं श्राद्ध होतं म्हणून. ते कागद मागत होते, तोही मीच रडून करू दिला नाही."

कोर्टात कुजबुज झाली. मग केशवराव उठले. केशवराव म्हणजे गोपाळकृष्णांच्या बाजूचे वकील, घरोब्याचे, रमाबाईंच्या हातचं अनेकदा जेवलेले. त्यांनी नेमका दुखरा कोपरा धरला.

"वहिनी, घर तुमच्या नावावर आहे?"

"नाही."

"मग मुदत वाढवण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता. घराचे मालक त्यावर काय बोलले?"

खरंच बोलायची शपथ होती. "काही बोलले नाहीत. हसले."

"बस्स," केशवराव न्यायाधीशांकडे वळून म्हणाले. "मालकाने संमती दिलीच नाही. त्यांच्या लेखी तीस तारखेला सौदा संपला."

देवमनने डोकं खाली घातलं. केशवराव बसायला वळले होते. रमाबाईंना त्यातलं कायद्याचं फारसं कळलं नव्हतं, पण शेवटचं वाक्य कळलं, आणि ते खोटं होतं. त्यांचा आवाज त्यांनाच नवीन वाटला.

"संपला नव्हता. त्यांच्या लेखीही संपला नव्हता."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कशावरून म्हणता, बाई?"

"दशमीला, म्हणजे तीस तारीख उलटून गेल्यावर, श्राद्धाचं पान यांनी स्वतः नेऊन ठेवलं. विहिरीपाशी. मी मागे होते ते त्यांना ठाऊक नव्हतं. तिथे हात जोडून ते म्हणाले, उद्धवा, या घरातलं हे शेवटचं हो बाळा. घर आता देवमनचं झालं. पुढल्या वर्षी अकोल्याला ये, वाट चुकू नकोस."

केशवराव उलटतपासणीला पुन्हा उठलेच नाहीत. गोपाळकृष्ण वकिलांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने नुसता पुसत राहिले. मुलगा गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रमाबाईंनी ते एकदाच, चोरून ऐकलं होतं, आणि दोन वर्षं ते उराशी धरून ठेवलं होतं. नवऱ्याचं एवढं एकच मऊ बोलणं त्यांच्यापाशी होतं, तेही त्यांनी भर कोर्टात खर्ची घातलं.

बाहेर दुर्गाबाई जिन्याशी उभी होती. ती पुढे झाली. तिने रमाबाईंचा पदर सरळ केला, इतकंच.

आणि मग ज्याच्याविरुद्ध साक्ष दिली त्याच्याच शेजारी सायकलरिक्षात बसून घरी जायचं होतं. बायकांच्या जन्माची कथाच आहे ही, दुसरं काय! मग वकील रस्त्याकडे पाहत म्हणाले, "ते मी त्याला म्हटलं होतं. कोर्टाला नाही."

"मलाही नव्हतं म्हटलं," रमाबाई म्हणाल्या. "पण तुम्ही दुसरं काही शिल्लक ठेवलं नव्हतं हो माझ्याजवळ."

राजापेठ आली. रिक्षावाला नवखा होता, मागे वळून म्हणाला, "कोनतं घर, सायेब?"

रमाबाईंनी हात पुढे केला. "ते समोरचं. देवमनरावांचं."

वकिलांनी ते दुरुस्त केलं नाही. पुढच्या तारखेला त्यांनी कबुली लिहून दिली, देवमनचं कर्ज नव्याने मंजूर होईस्तोवर थांबले, आणि स्वतः कचेरीत जाऊन खरेदीखत नोंदवून दिलं. अकोल्याच्या बिऱ्हाडी रमाबाई दर दशमीला पान वाढत राहिल्या. वकील ते मुकाट्याने नेऊन ठेवत आणि तसेच परत येत. उद्धवाचं नाव त्यांनी त्यानंतर कधीच काढलं नाही.