स्टीलची चक्की

अकिकाच्या खलात तिने दगडाचा तुकडा मनगट भरून येईपर्यंत घोटला. हिरवट पूड पिठासारखी मऊ झाली.

आठवड्याने यंत्रावर आकडा आला. टँटलम हा दुर्मीळ धातू त्यात जवळजवळ नव्हताच.

पृथ्वीच्या खोल पोटातून वर आलेल्या या खडकात टँटलम इतकं जास्त का, यावर तिचा प्रबंध उभा होता. त्याआधी तिच्या मार्गदर्शक सरांचं नावही त्यावरच झालं होतं. आजवरचे सगळे नमुने 'स्टीलच्या चक्कीत' दळलेले. गेल्या महिन्यात दुसऱ्या प्रयोगशाळेतली खरी स्टीलची वाटी तिने उचलली, तेव्हा हात झटकन वर गेला. किती हलकी! इथली वाटी कधीतरी बदलून टंगस्टन कार्बाइडची, जड आणि टँटलमचा अंश असलेली, बसवली होती. चक्कीचं नाव तेच राहिलं. आणि झिजणारी ती वाटी प्रत्येक पुडीत आपलं टँटलम मिसळत राहिली.

आईचा फोन आला.

"या वर्षी सुटशील ना गं? दगडाला पाझर फुटेल, पण तुझा प्रबंध काही संपायचा नाही."

"संपत आलाय."

"दिवाणखान्यासाठी सांगितलेल्या सोफ्यासारखा? तोही वर्षभर येतच होता."

फोन ठेवून ती आकड्याचा कागद घेऊन सरांकडे गेली.

सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून डोळे चोळले.

"कुणाला बोललीस?"

"नाही, सर."

ती वाट पाहत राहिली. एकच नमुना आहे, तुझ्या खलातच चूक असेल, एवढं त्यांनी म्हणावं. ती मान डोलावणार होती. जाताना दार हळू ओढून घेणार होती.

सरांनी टेबलावरच्या कागदांवर ठेवलेला दगड उचलला. त्याच डोंगरातला, त्यांनी तरुणपणी फोडलेला. खालचे कागद पंख्याने फडफडले.

"हा चक्कीत कधी गेलाच नाही," ते म्हणाले. "अर्धा घे. नाही, सगळाच घे."

"सर, प्रबंध पुढच्या महिन्यात द्यायचाय."

"माहीत आहे."

नमुन्यांत धूळही मिसळू नये म्हणून बांधलेल्या स्वच्छ-खोलीला दोन दारं होती. मागचं पुरतं मिटल्याशिवाय पुढचं उघडत नसे. मधल्या चिंचोळ्या जागेत, ओंजळीत दगड धरून ती उभी राहिली. मागचं दार मिटलं. पुढचा दिवा हिरवा झाला.

यातही टँटलम नसेल, तर तिचा प्रबंध आणि सरांचं नाव दोन्ही जाणार होतं. तिने अजून खांद्याने दार ढकललं नाही. खिशात आईचा फोन पुन्हा वाजत होता.