लाल चेंडूच्या वर्गातले डॉक्टर

डॉक्टर दातांचे होते, पण टेनिसमधलं आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा पक्का समज होता. आयुष्यात कधी रॅकेट हातात धरली नव्हती, ही गोष्ट त्याच्या आड येत नसे. मुलगी क्लबच्या ज्युनिअर वर्गात जायला लागल्यापासून त्यांनी मोबाइलवर इतके सामने पाहिले, की बायकोच्या म्हणण्याप्रमाणे ते झोपेतही बॅकहँड मारत आणि तो तिलाच लागत असे.

वर्ग चेंडूच्या रंगावर चालायचा. नवशिक्यांना मऊ, बेताचा उसळणारा लाल चेंडू आणि बुटकी जाळी. मग नारिंगी, मग हिरवा, आणि हात बसला की खरा पिवळा. डॉक्टरांच्या मुलीला घरात सगळे खार म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. नऊ वर्षांची खार हिरव्या चेंडूपर्यंत पोचली होती. त्याचं निम्मं श्रेय डॉक्टर बिनदिक्कत स्वतःकडे घेत. संध्याकाळी दवाखाना लवकर बंद करून ते कोर्टाच्या कुंपणाला चिकटत आणि सूचनांचा पट्टा सोडत. गुडघे वाकव, चेंडूकडे बघ, रॅकेट मागे ने. खार दर फटक्याला मान वळवून त्यांच्याकडे बघे. पोर किती ऐकते, या विचाराने डॉक्टरांचा ऊर भरून येई. तेवढ्यात चेंडू तिच्या बाजूने निघून गेलेला असे, पण तो दोष ते कोचबाईंच्या खात्यावर टाकत.

कोचबाई पन्नाशीच्या, कधी आवाज न चढवणाऱ्या. एकदा त्यांनी डॉक्टरांना फाटकाशी गाठलं आणि शनिवारी सकाळी खेळायच्या कपड्यांत या, तुम्हालाही वर्गात घेते, असं सांगितलं. डॉक्टर हुरळून गेले. बाईंना अखेर आपली पारख झाली तर! नवे बूट आले, दोन्ही मनगटांना पट्टे आले, कपाळालाही एक आला. आरशात बघून त्यांना स्वतःचीच थोडी भीती वाटली.

शनिवारी कोचबाई त्यांना मोठ्यांच्या कोर्टावरून सरळ पुढे घेऊन गेल्या आणि लाल चेंडूंच्या टोपलीपाशी थांबल्या. तिथे सहा-सात वर्षांची पोरं रॅकेटवर चेंडू तोलत एकामागे एक चालली होती.

"शेवटी उभे राहा," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेंडू दुसऱ्याच पावलाला घरंगळला. पुढे एक बोळकी मुलगी होती. तिचे समोरचे दोन्ही दुधाचे दात डॉक्टरांनीच काढले होते. तिने वळून समजुतीच्या सुरात सांगितलं, "हात थरथरवायचा नाही काका. चेंडूला कळतं."

दवाखान्यात डॉक्टरांचा हात कधी थरथरला नव्हता. थरथरला असता, तर अर्ध्या शहराच्या जिभा शाबूत राहिल्या नसत्या.

तरी ते जात राहिले. न जाण्यात जास्त लाज होती. पोरं हळूहळू तयार होत गेली. ज्यांना चेंडू लागत नव्हता त्यांना लागायला लागला, लागणाऱ्यांचा जाळीपार जायला लागला. चुकलं की ती हसत आणि पुन्हा मारत. डॉक्टर चुकले की रॅकेटच्या तारा तपासत.

मग वर्गात छोटे सामने ठरले आणि डॉक्टरांच्या वाट्याला नेमकी बोळकी आली. खार बघायला आली आणि बाबांच्या नेहमीच्या जागी, कुंपणाला चिकटून उभी राहिली. पहिल्याच चेंडूला तिने तोंड उघडलं.

"बाबा, गुडघे वाकव! चेंडूकडे बघ!"

ती चिडवत नव्हती. आपल्या माणसाचा खेळ असाच बघायचा असतो, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं आणि चेंडू गेला. पुढच्या वेळी न बघायचं ठरवलं, तर गुडघ्यांचा विचार करता करता हात तसाच राहिला. घामाने कपाळाचा पट्टा डोळ्यांवर उतरला. बोळकीने त्यांना शांतपणे धूळ चारली आणि हात मिळवायला जाळीशी येऊन उभी राहिली.

डॉक्टर कुंपणाशी आले, ते धापा टाकतच. "तू बोलायला लागलीस की मला चेंडूच दिसत नाही गं."

"मलाही नाही दिसत," खार म्हणाली.

"मग कधी सांगितलं का नाहीस?"

"तू किती मनापासून ओरडतोस, बाबा."

समोरच्याचं तोंड बंद करायला डॉक्टरांना आजवर कापसाचे बोळे लागत. त्यांचं स्वतःचं त्या दिवशी बोळ्याशिवायच बंद झालं.

पुढच्या आठवड्यात खारीचा हिरव्या चेंडूचा सामना होता. डॉक्टर लांबच्या बाकावर, स्वतःच्या हातांवर बसले. सुरुवातीला खारीने एक-दोनदा कुंपणाकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. मग ती बघेनाशी झाली. समोरची मुलगी खोल, उंच चेंडू टाकत होती आणि खार सारखी मागे रेटली जात होती. मध्येच ती आपणहून दोन पावलं मागे सरकून उभी राहिली आणि तिच्याकडून चेंडू परत जायला लागले. डॉक्टरांना हे सुचलं नसतं. त्यांनी तर तिला पुढे जा, पुढे जा म्हणून भंडावून सोडलं असतं. सामना खार हरलीच, पण अटीतटीने. पाणी पिऊन तिने त्या मुलीशी गप्पाही मारल्या.

घरी निघताना डॉक्टरांनी कोचबाईंना हळूच विचारलं, आपला नारिंगी चेंडू कधी. बाईंनी त्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि घाई काय आहे, असं विचारलं.

गाडीत डॉक्टरांनी पहिल्या सिग्नलपर्यंत कळ काढली. मग विचारलं, "तू मागे का सरकलीस?"

खार सांगायला लागली. हात हलवून, समोरच्या काचेवर बोटाने कोर्ट काढून, घर येईपर्यंत सांगत राहिली. त्यातलं निम्मं डॉक्टरांना कळलं नाही. एरवी त्यांनी नुसती मान डोलावली असती. आता गाडी दाराशी उभी करून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.