आठ वाजताचं पाणी

नरसिंगनं एकतीस वर्षं मांजरा नदीवरच्या बंधाऱ्याचं पाणी मोजलं. रोज सकाळी आठला भिंतीवरच्या पट्टीपुढं उभं राहायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि साहेबाला कळवायचा. स्वतःच्या लग्नादिवशीही त्यानं आधी आठचा आकडा घेतला आणि मग वरात काढली. सावित्रीबाई हे आजही पाहुण्यांना सांगते, पण कौतुकानं सांगत नाही.

निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी बिदरकडच्या मेहकरात पाण्याचा विषय निघाला की शेवटचा शब्द नरसिंगचाच. म्हणून तर त्याची पुढं एवढी फजिती झाली. ज्याला काही कळत नाही तो निदान विचारतो तरी.

त्याची एकुलती एक मुलगी पंचशीला तीन वर्षांपासून कारवारकडच्या कुमट्याच्या पुढं समुद्रकाठच्या एका गावात कामाला होती. समुद्र वर चढतोय, तर गावानं काय करायचं, हे गावाबरोबर बसून ठरवायचं असं ते काम. तिथल्या मासे विकणाऱ्या बायकांना घेऊन तिनं यंदाच खाडीत फुटाच्या खुणा केलेला खांब रोवला होता. कोणत्या विहिरी खारट झाल्या, कोणती घरं मागं हलवायची, वादळात म्हाताऱ्यांना कोणी उचलायचं, याच्या याद्या केल्या होत्या. मेहकरात याचा अर्थ एवढाच निघाला, की पोरगी सहा वर्षं कॉलेज शिकली आणि आता खांब बघायली.

आता कामाची मुदत संपत आली होती. तिकडचे लोक म्हणत होते, राहा. इकडं भालकीच्या कॉलेजात जागा निघाली होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं, आणि पंचशीलाचं ठरत नव्हतं. नरसिंगला ती घरी हवी होती. पण "पोरी, ये गं" एवढं साधं वाक्य बोलायला त्याची जीभ रेटेना. तिथं राहणं धोक्याचं आहे, याचा त्याला पुरावा हवा होता.

म्हणून त्यानं गुपचूप तिची घरमालकीण नागम्मा हिला फोन लावला. त्याची कानडी बिदरची, तिची समुद्रकाठची. दोघांनाही समोरचा अडाणी वाटला. तरी काम झालं. रोज सकाळी आठ वाजता त्या खांबावर पाणी किती आहे, एवढंच तिनं सांगायचं. पंचशीलाला कळू द्यायचं नाही.

पहिल्या दिवशी दोन फूट. दुसऱ्या दिवशी सव्वादोन. तिसऱ्या दिवशी पावणेतीन. नरसिंग गार पडत गेला. सातव्या दिवशी पाच फूट! एकतीस वर्षांत पाऊस नसताना मांजरेनं असा चाळा कधी केला नव्हता.

ही बातमी तो चहाच्या हॉटेलात बोलून बसला. टेम्पोवाला पिराजी तिथंच होता. "मेहकर समुद्रापासून एकोणीसशे फूट वर हाय म्हणत्यात," पिराजीनं बोटांवर हिशेब केला. "आठवड्याला तीन फूट. म्हंजे बारा वर्सांत समुद्र आपल्या वेशीला! मी नदीकाठचं रान इकत न्हाई आता. लॉज काढतो."

"तुला मस्करी सुचायलीय," नरसिंग म्हणाला. "पोरीचं घर बुडायलंय तिकडं. टेम्पो काढ."

ताडपत्री आणि दोराची भेंडोळी टेम्पोत पडताना सावित्रीबाई दारात आली. "दोर कामून घेतलाव? पोरगी आणायचीय का म्हैस?" असं म्हणत तिनं भाकऱ्यांचं गाठोडं त्याच्या मांडीवर आदळलं.

दीड दिवसानं, दुपारी दोनला ते पोचले. नरसिंग उडी मारून उतरला, खाडीकडं धावला आणि थांबला. खांब उघड्या चिखलात उभा होता. बुडाशी बायका वाकून शिंपले वेचत होत्या. पाण्याचा थेंब नाही.

"पाणी कुठं गेलं?" तो ओरडला.

एक बाई टोपली घेऊन सरळ झाली. तीच नागम्मा; फोनवरचा आवाज तिनं ओळखला. "ओहोटी आहे, अण्णा. संध्याकाळनंतर येईल की परत."

"रोज जातं?"

"रोज दोनदा येतं, दोनदा जातं. आणि रोज पाऊण-एक तास उशिरा. पहिल्या दिवशी आठला ओहोटी होती, सातव्या दिवशी भरती; म्हणून तुमच्या आठला रोज जास्त दिसलं. आणखी एक आठवडा फोन केला असता तर उतरताना दिसलं असतं."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

"तुम्ही आठचंच विचारलंत. मला वाटलं, सरकारी पाण्यातला माणूस, त्याला एवढं ठाऊक असणारच."

पिराजी हसता हसता चिखलात बसला.

पंचशीलाला सगळं कळलं तेव्हा ती आधी पोट धरून हसली आणि मग भडकली. "अप्पा, माझ्या मागं माझ्याच घरमालकिणीला फोन? मला इचारलं असतं तर?"

"तुला इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," नरसिंग म्हणाला. एवढा प्रामाणिक तो बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

ती त्याला नागम्माच्या दाराशी घेऊन गेली. चौकटीवर पाणी चढल्याच्या खुणा कोरलेल्या होत्या, एकेका वादळाची एक. सर्वांत जुनी उंबऱ्याला लागून, गेल्या पावसाळ्यातली गुडघ्याएवढी. घरापुढं पूर्वी चाळीस नारळ होते, आता तीन. समुद्राजवळची सात घरं, नागम्माचं धरून, वर शाळेमागं हलवायचं गावानं ठरवलं होतं. रिकामा टेम्पो दिसताच बायकांनी पिराजीला बोलूही दिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या दोन खेपा झाल्या, तिसरीत नागम्माचं कपाट गेलं.

नरसिंग मात्र खांबाची वही घेऊन ओट्यावर बसला. रोजच्या चार नोंदी, दोन भरतीच्या, दोन ओहोटीच्या, पुढं घड्याळाची वेळ. वही त्याच्या मनासारखी होती. पानं उलटता उलटता त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय? अंदाजे?"

"मला ताप होता तेव्हा," पंचशीला म्हणाली. "नागम्मा लिहायची, पण ती बाजाराला गेली. आल्यावर अंदाजानं लिहिलं."

"अंदाजे म्हंजे काय? पाणी अंदाजानं असतंय का? चार ओळी अंदाजे! किती वर्सं लिहायचंय हे?"

"एकोणीस. चंद्राचा एक मोठा फेरा असतो, अप्पा. तेवढं लिहिलं की रोजचं चढणं-उतरणं वजा जातंय. मग समुद्र खरंच किती वर आला ते उरतंय. वर्साला तांदळाच्या दाण्याएवढंच असंल, पण त्यावरनं पुढची घरं ठरवायची."

"आणि तू गेलीस की ह्या बाया बाजार करून येऊन अंदाजे लिहिणार! सगळी वही नासंल! असं अर्ध्यात टाकून जात न्हाईत, पोरी; माणसं घरं हलवायलीत ह्या आकड्यावर!"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं. पंचशीला त्याच्याकडं बघत राहिली. तिचे डोळे भरले होते. नरसिंगनं वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. शब्द परत घेता आला असता. पण त्यानं घेतला नाही, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

दिवेलागणीला सावित्रीबाईचा फोन आला. "निघालाव का? पोरगी कुठं बसलीय, म्होरं का मागं?"

"येत न्हाई ती."

"तुमी तर आणायला गेलताव न्हवं?"

"व्हय. मीच म्हणलो, ऱ्हा."

नरसिंग उगाच मोठ्यानं बोलू लागला. "एकोणीस वर्सांचं काम हाय, सावित्री. मी एकोणनव्वदचा होईन. आकडा निघंल तवा आपण दोघं न्हाई दिसत मला."

"तुमच्या आकड्याला काय जाळायचंय?" सावित्रीबाई म्हणाली. "पोरगी जेवायली का बराबर, ते सांगा."

"जेवायली. मासे खायली. काळी पडलीय थोडी. हसायली लई."

"हसायली?"

"लई."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. पण फोन तिनं ठेवला नाही, आणि यानंही नाही.