चंपाबाईंच्या मेंदूचं जुनं माप

मी एक जुना संगणक आहे. मित्रांनो, आज माझा पंखा काही केल्या शांत होत नाही.

वाशीमच्या एका स्कॅन सेंटरमध्ये मी राहतो. शेजारच्या खोलीतलं मोठं यंत्र मेंदूचे फोटो काढतं. ते फोटो माझ्याकडे येत. माझ्यातलं सॉफ्टवेअर मेंदूच्या एकेका भागाभोवती रेघ आखून तो भाग केवढा आहे हे मोजत असे. त्यावरून डॉ. कशिश रिपोर्ट लिहीत. "हा कधी दगा देत नाही," असं म्हणून त्या माझ्या पाठीवर थाप मारत, तेव्हा मला फार बरं वाटे.

गेल्या वर्षी जऊळक्याच्या चंपाबाई आल्या. स्टेशनजवळ त्यांचं शिलाईचं दुकान आहे. त्या लोकांची नावं विसरू लागल्या, म्हणून त्यांचा मुलगा प्रसेनजित त्यांना घेऊन आला होता. आठवणींशी संबंध असलेला मेंदूचा एक लहानसा भाग मी मोजला. तो वयाला साजेसाच निघाला. "वर्षभरानं पुन्हा बघू," डॉक्टर म्हणाल्या.

मधल्या काळात नवा संगणक आला. त्याच्यात त्याच सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती होती आणि तो झटपट काम करी. माझी वायर काढून मला टेबलाखाली सरकवलं. माझ्यावर धूळ बसली, मग रिकामी खोकी आली.

यंदा चंपाबाईंचा फोटो त्या नव्या संगणकानं मोजला. तो भाग वर्षभरात बराच आकसला आहे, असा रिपोर्ट गेला. दुसऱ्याच दिवशी मायलेक परत आले.

"मॅडम, दुकानाले कुलूप लावलं मी," प्रसेनजित म्हणाला. "आईले आता माह्याजवळ इकडंच ठेवतो."

"काहून लावलं कुलूप?" चंपाबाई उसळल्या. "नाव इसरतो मी एखांद्याचं, कापड बेतनं इसरली का? लोकायचे लग्नाचे ब्लाऊज पडून राह्यले तिथं!"

"आई, तुले समजून नाही राह्यलं. मेंदू आकसून राह्यला तुहा."

 चंपाबाई पदराची घडी घालत, मोडत बसल्या.

टेबलाखाली माझा जीव कासावीस झाला. गेल्या वर्षीचा आकडा माझा, यंदाचा त्याचा. आमच्या दोघांच्या रेघा सारख्या पडतात का, हे कोणीच पाहिलं नव्हतं. पण मला तोंड कुठं आहे!

डॉक्टर दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून बघत होत्या. आठवण तपासायला त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना चंपाबाईंची उत्तरं यंदाही गेल्या वर्षीसारखीच आली होती. मग हे कसं? एकदम त्यांनी कपाळाला हात लावला. "थांबा. हे दोन आकडे एका व्हर्जनचे नाहीत!"

खोकी बाजूला झाली. मला ओढून वर घेतलं. मी सुरू होईन का, या भीतीनं मला धड गुरगुरताही येईना. शेवटी पडदा उजळला.

दोन्ही वर्षांचे फोटो डॉक्टरांनी आम्हां दोघांनाही मोजायला दिले. मी दोन्ही जवळजवळ सारखे मोजले. नव्यानंही दोन्ही सारखेच मोजले, फक्त माझ्यापेक्षा लहान.

"मेंदूत म्हणावा असा बदल नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रेघ आखायची पद्धत बदलली आहे."

"म्हंजे जुनं बरोबर?" प्रसेनजितनं विचारलं.

"ते आज सांगता येणार नाही. पण आधीचं एकानं आणि आताचं दुसऱ्यानं मोजून फरक काढता येत नाही. हे मी आधीच पाहायला हवं होतं. विसरायचं कारण रक्त तपासून शोधू."

 प्रसेनजितनं खिशातून दुकानाची चावी काढली आणि आईच्या हातावर ठेवली.

"आता गाडी भेटन का जऊळक्याची?" चंपाबाई उठल्याच.

दोघं गेल्यावर डॉक्टर जुन्या रिपोर्टांची यादी चाळू लागल्या. असे रिपोर्ट आणखी कोणाकोणाला गेले? कोणाच्या घरी रडारड झाली असेल, जुनं माप चुकीचं असेल तर कोणी उगाच निश्चिंतही असेल. त्यांनी फोन उचलला. पहिला धनज गावच्या एका पेशंटकडे लागला.

"काहून फोन केला, मॅडम?" पलीकडची बाई घाबरली होती. "अजून काही निंगालं का?"

"नाही ताई. आम्हाला पुन्हा एकदा मोजायचं आहे."

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्याला हटवण्याआधी दोघांना एकच काम देऊन बघा, आणि कशानं मोजलं ते आकड्याशेजारी लिहा. माझी डिस्क कुरकुरते आहे, फार दिवस मी चालणार नाही. डॉक्टर पुढचा नंबर लावत आहेत. शेवटच्या माणसाचं मोजून होईपर्यंत तरी कोणी माझी वायर काढू नका.