मागे बसणाऱ्याचा टोप

याडी गेल्यापासून बा पायी चालत होता.

आमच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. बा देवीची लस टोचायचा. कागदोपत्री त्याचं नाव हिरासिंग, पण फुलसावंगीच्या आसपासचे तांडे आणि वाड्या त्याला देवी डॉक्टर म्हणूनच ओळखत. आधी त्याच्याकडे सायकल होती. मग वर्षभर एका ओळखीच्या कंत्राटदाराची जुनी फटफटी त्याने वापरली. त्या फटफटीवरून याडी पडली. तिचा फेटिया, म्हणजे आरसे आणि कवड्या लावलेला घेरदार घागरा, मागच्या चाकात गेला आणि तिचं डोकं रस्त्याकडेच्या दगडावर आपटलं. बाने दुसऱ्या दिवशी फटफटी परत केली आणि चालायला लागला.

मी तेव्हा यवतमाळला मुलींच्या शाळेत शिकवत होते. मला निरोप मिळाला आणि मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तांड्यातल्या बाया माझ्या गळ्यात पडून सुरात रडल्या. मला तसं रडता आलं नाही. त्यांतलीच एक कानाशी म्हणाली, ‘‘लय जोरात हाकलत होता म्हणते तुहा बाप.’’ मी बाला काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. पंधराव्या दिवशी मी एस.टी.ने परत गेले.

त्यानंतर वर्षभर मला दिवसाढवळ्या एक गोष्ट दिसत राहिली. वर्गात मुली पाढे म्हणत असायच्या आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे बारीक बारीक ठिपके हलायचे. कुणीतरी आरशांचा घागरा घालून खिडकीबाहेरून चाललं आहे, असं वाटायचं. मी वळून पाहायची नाही. ठिपके फळ्यावरून सरकत दारापर्यंत जायचे आणि मुलींचा सतराचा पाढा संपायचा.

सदुसष्टच्या फाल्गुनात बाचं कार्ड आलं. त्याच्या हाताखालच्या पंधरा-वीस वाड्या पायी होत नव्हत्या. घाटापलीकडच्या वाडीत तो दोन दिवस उशिरा पोचला, तेव्हा तिथल्या एका पोराच्या अंगावर फोड उठले होते. ‘गाडी पाहायला पुसदला ये. तू शिकलेली आहेस,’ असं त्याने लिहिलं होतं.

मी गेले ते गाडी पाहायला नाही. बाला गाडी घेऊ द्यायची नाही, दुपारच्या एस.टी.त बसवून यवतमाळला माझ्याकडे आणायचं, एवढंच मी ठरवलं होतं. मला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती मी स्वतःशीही मोठ्याने म्हटली नव्हती. बाने गाडी घेतली तर तो कधीतरी मला मागे बस म्हणेल, आणि मी बसू शकणार नाही.

पुसदला भगवानरावांचं सायकलचं दुकान होतं. दुकानामागे पत्र्याच्या मांडवात ते जुन्या मोटारगाड्या, फटफट्या दुरुस्त करत. बा माझ्याआधीच येऊन बसला होता. मांडीवर एक गाठोडं होतं. शेजारी डोंगरसिंगकाका, बाचे थोरले चुलत भाऊ. काकांचे वडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून घाट उतरलेले. काकांनी स्वतः तो बैलांचा तांडा फक्त लहानपणी पाहिला होता, पण अजूनही जगातली कुठलीही वस्तू ते बैलासारखी पारखत.

‘‘आली का मास्तरीण,’’ काका म्हणाले. ‘‘चाल, दात पाहू गाडीचे.’’

मांडवात दोन गाड्या उभ्या होत्या. एक काळी फटफटी, उंच, टाकीवर हात फिरून फिरून चकाकी आलेली. दुसरी फिकट हिरवी स्कूटर. पळसाला फुलं आली होती आणि मांडवाच्या मागच्या बाजूने तो लाल उजेड आत येत होता, त्यामुळे दोन्ही गाड्या पाण्याखाली ठेवल्यासारख्या दिसत होत्या. लांबून कुठल्या तरी तांड्यातून होळीचा डफ ऐकू येत होता. आमच्या घरी यंदा होळी नव्हती.

‘‘डॉक्टर, मी खरं सांगतो,’’ भगवानराव हात पुसत म्हणाले. ‘‘तुम्हाले घाट चढाचा, नाल्यातून काढाची, गोट्यातून नेयाची. फटफटीचं चाक मोठं, खड्डा आला तं वरून जाते. स्कूटरचं चाक एवढंसं. खड्ड्यात गेलं तं तुम्हालेच विचारन, आता काय करू? ही शहरातली गाडी. साहेबानं पान खायले चौकात न्यावं, एवढंच.’’

काका स्कूटरभोवती फिरले. खाली वाकून दोन्ही बाजू पाहिल्या. मग मधोमध उभे राहून त्यांनी हँडल धरलं आणि गाडी थोडी हलवली. स्कूटर उजवीकडे कलली.

‘‘हे काय बे?’’

‘‘इंजन उजवीकडं राह्यते न काका, त्या फुगीर डब्यात. डावा डबा जवळजवळ रिकामा.’’

काकांनी हात झटकला. ‘‘एका बाजूची गोण भरली, दुसरी रिकामी. असा बैल आमच्या बापानं घाटात नेला असता तं पहिल्याच वळणावर खाली गेला असता. हिरा, थे काळं जनावर घे. दोन्ही बाजू सारख्या हाय त्याच्या.’’

गाठोडं छातीशी धरून बा फटफटीच्या मागच्या चाकाकडे पाहत होता.

मी म्हणाले, ‘‘बा, कोणतीच नको घेऊ. माझ्यासंग चल.’’

‘‘आन त्या वाड्या?’’

‘‘दुसरा कोणी येईल.’’

‘‘तो येईन तवा येईन,’’ बा म्हणाला. एवढंच. त्याच्या आवाजात राग नव्हता.

भगवानरावांनी आतून एक टोप आणला. वरून कडक, आतून गादी लावलेला, दोन्ही कानांवर चामड्याच्या झापा आणि हनुवटीखाली पट्टा. कुणा लष्करातल्या माणसाने गाडीबरोबर सोडून दिलेला. ‘‘हा घाला डॉक्टर. फटफटी घ्या का स्कूटर, टोप मी देतो. पडले तं डोकं साबूत. तुमच्या पागोट्यापेक्षा बरा.’’

काकांना हसू आवरेना. ‘‘हा घालून वाडीत गेला तं पोरं टोचून घेयाच्या आधीच पळून जातीन.’’

बाने टोप हातात घेतला. आतली गादी अंगठ्याने दाबून पाहिली. बोट आत घालून कडेपासून कडेपर्यंत फिरवलं. मग विचारलं, ‘‘दुसरा कुठी हाय?’’

‘‘दुसरा कायले? डोकी किती हाय तुम्हाले?’’

‘‘मांगं बसते त्याचं.’’

भगवानराव खदखदून हसले. ‘‘मांगचा माणूस म्हणजे सामान! तो काय गाडी चालवते का? घट्ट धरलं का झालं!’’

हसणं हळूहळू विरत गेलं. काकांनी मान खाली घातली होती. मी पळसाकडे पाहत राहिले. भगवानरावांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तरी ते ओशाळले आणि उगाच फडक्याने टाकी पुसू लागले.

मग बाने गाठोडं सोडलं.

आत याडीचा फेटिया होता. तो कुणाला तरी दिला असेल किंवा तिच्याबरोबर गेला असेल, असं मी समजत होते. बाने तो उलगडला, आणि पत्र्याच्या मांडवात छतावर, खांबांवर, भगवानरावांच्या सदऱ्यावर, माझ्या हातांवर उजेडाचे शेकडो ठिपके पसरले. वाऱ्याने कापड हललं की ठिपके वाहायचे. मला वाटलं, आता पाढा सुरू होईल. घेराच्या एका बाजूला वीतभर कापड नव्हतं. उरलेल्या कडेला काळं वंगण सुकलेलं होतं.

बाने तो फेटिया फटफटीच्या मागच्या बैठकीवर पसरला, बाई बसली की पडतो तसा. घड्या नीट केल्या. उजवीकडे. ‘‘चालू करा,’’ तो भगवानरावांना म्हणाला.

‘‘डॉक्टर, कापड जाईन न.’’

‘‘चालू करा. हळू.’’

गाडी घोडीवर उभी होती, मागचं चाक अधांतरी. किक बसली, मांडव थरथरला, चाक फिरू लागलं. कडेचे आरे दिसेनासे झाले. वारा आला. घागऱ्याची कड एकदा आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली आणि बाने दोन्ही हातांनी कापड वर ओढलं. भगवानरावांनी इंजन बंद केलं.

‘‘उजवीकडं कोणी बसते का पण?’’ भगवानराव म्हणाले. ‘‘बाया डावीकडं पाय सोडून बसते. तिकडं लोखंडी जाळी लावून देतो मी. चाक झाकते.’’

‘‘जाळी होती त्या गाडीले,’’ बा म्हणाला. तो भगवानरावांशी बोलत होता, पण पाहत होता माझ्याकडे. ‘‘डावीकडं होती. जाळीलेच मी लशीची पेटी बांधली. पेटी जड. रामी, तुही याडी, डावीकडंच बसून राह्यली होती. मी म्हनलो, उजवीकडं तोंड कर. गोण सारखी होऊ दे. थे म्हने, तिकडं चाक उघडं हाय. मी म्हनलो, काही होत नाही. गाडी हळूच होती, हंसा. बैलावानी चालली होती.’’

काकांनी तोंडावर गमछा धरला. वजन दोन्ही बाजूंना सारखं ठेव, हे बाला त्यांनीच शिकवलं होतं. आमच्या तांड्यातलं कुठलंही पोर हे चालायला लागण्याआधी शिकतं. पाण्याच्या दोन कळशा, सरपणाच्या दोन मोळ्या, बाजाराच्या दोन थैल्या. मी स्वतः वह्यांचे गठ्ठे अजूनही दोन हातांत सारखे वाटून वर्गात नेते.

वर्षभर मी वेगाला दोष देत होते. तो सोपा होता. बाने जोरात गाडी हाकली असती तर मला त्याच्यावर रागावता आलं असतं. त्याने तर गाडीचा तोल सांभाळला होता. जे आमच्या रक्तात काळजी म्हणून होतं, तेच त्याने तिला सांगितलं, आणि तिनेही ऐकलं. हे सगळं त्याने वर्षभर एकट्याने उचललं. दुसऱ्या बाजूला काही न ठेवता.

मी पुढे झाले आणि बाच्या हातातून फेटिया घेतला. तो फार जड होता. इतका जड घागरा नेसून याडी वाऱ्यासारखी कशी चालायची, हे मला तेव्हाही कळलं नाही.

‘‘हिच्यावर टाकून पाहू,’’ मी म्हणाले.

भगवानरावांनी स्कूटरखाली लाकडाचा ठोकळा दिला आणि मागचं चाक उचललं. मी फेटिया मागच्या बैठकीवर आधी डावीकडे सोडला. किक बसली. कापड फुगलं, त्या गोल पत्र्यावर आपटलं आणि घसरून खाली लोंबलं. चाक आत, झाकलेलं. मी घेर उजवीकडे घेतला. तिकडेही तेच. कड पत्र्यावरून नदीच्या पाण्यासारखी हलत राहिली. कुठेच आत गेली नाही. आम्ही चौघेही बराच वेळ नुसते पाहत उभे होतो. भगवानराव इंजन बंद करायचं विसरले होते.

‘‘साखळी?’’ बाने विचारलं.

‘‘साखळीच नाही बाहेर. सगळं आत.’’

‘‘खड्ड्यात उडन म्हणता.’’

‘‘उडन. हळू चालवा लागन. नाला भरला का उतरून ढकला लागन. आन हे उजवीकडं वढते, थे जन्मभर राहीन, मी काही करू शकत नाही.’’

बाने काकांकडे पाहिलं. काकांनी गमछा बाजूला केला. डोळे लाल होते.

‘‘घे,’’ काका म्हणाले. ‘‘वाकडं जनावर हाय. पण घे.’’

व्यवहार झाला. मग बाच्या डोक्यावर टोप चढवून भगवानरावांनी त्याला तासभर मैदानात फिरवलं. हाताने गिअर बदलणं त्याला जमेना. दोनदा गाडी बंद पडली, एकदा तो बकऱ्यांच्या कळपात शिरला आणि बकऱ्यावाल्या बाईने त्याच्या सात पिढ्या काढल्या. काका बाभळीखाली बसून मोठमोठ्याने सूचना देत होते, त्यातली एकही उपयोगाची नव्हती. हळूहळू बा वळायला लागला. गाडी उजवीकडे ओढायची, तो तिला अंगाने सावरून घ्यायचा.

तो माझ्यासमोर येऊन थांबला. मागे बस म्हणाला नाही. पाय टेकून, समोर पाहत, इंजन चालू ठेवून तो नुसता उभा राहिला. दुपारची एस.टी. सुटायला अर्धा तास होता. काका तिनेच तांड्याकडे जाणार होते.

मी पदर खोचला आणि डावीकडे पाय सोडून बसले. दोन्ही हातांनी बाचा सदरा धरला.

त्याने डोक्यावरचा टोप काढला आणि मागे न वळता माझ्या हातात दिला.

‘‘तूच घाल, बा. तू चालवतोस.’’

‘‘मले रस्ता दिसते,’’ तो म्हणाला. ‘‘खड्डा आला तं मी सावरतो. मांगच्याले काहीच दिसत नाही.’’

मी टोप घातला. काका काहीतरी म्हणाले, बहुतेक चेष्टाच, पण चामड्याच्या झापांमधून मला ऐकू आलं नाही. सगळा आवाज दूर गेला. डफ, बाजार, इंजनसुद्धा. आम्ही हललो. पुसद कडेकडेने मागे वाहू लागलं, दुकानं, टांगे, भिंतींवर टाकलेला होळीचा रंग. स्वप्नात आपण पळत नसतो आणि तरी घरं मागे जातात, तसं. रस्ता खराब होता आणि बा इतका हळू चालवत होता की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला.

एस.टी. स्टँडच्या फाट्यावर त्याने गाडी आणखी हळू केली. खांदा थोडा वळवला आणि काहीतरी विचारलं. मी टोपाची एक झाप वर केली.

‘‘स्टँडवर घेऊ का?’’

गाडी उजवीकडे कलत होती, आणि तो तिला धरून माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

‘‘नको,’’ मी म्हणाले. ‘‘घाटापलीकडची ती वाडी मी पाहिली नाही अजून.’’