मागून गाणारा

सनीने बापाचं गाणं बंद पाडलं ते भांडून नाही, पंखा बंद करून आणि घाम पुसत, अगदी प्रेमाने. प्रेमाने केलेल्या चुका जास्त दिवस टिकतात, दुसरं काय.

उपनगरातल्या त्यांच्या घरात आतल्या खोलीचा त्याने स्टुडिओ केला होता. स्टुडिओ म्हणजे काय, तर भिंतींवर आईच्या हातच्या गोधड्या टांगलेल्या, टेबलावर लॅपटॉप, शेजारी जेवणाच्या डब्याएवढं साउंड कार्ड, एक माइक आणि एक हेडफोन. हेडफोन एकच, तो गाणाऱ्याच्या कानावर. सनी समोर बसून पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा बघायचा. आठवडाभर अंबडच्या कंपनीत नोकरी आणि सुट्टीला हा उद्योग. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो सगळं शिकला होता, त्यामुळे आपल्याला सगळं येतं अशी त्याची खात्री होती.

पहिलं गाणं अण्णांचं करायचं हे ठरलेलंच होतं. अण्णा म्हणजे भिकन, त्याचे वडील. भीमगीतांच्या पार्टीत चाळीस वर्षं गायलेले. विंचूर म्हणू नका, सायखेडा म्हणू नका, जयंतीच्या दिवसांत माणूस घरी सापडायचा नाही. आवाज काही फार गोड नव्हता, खरं सांगायचं तर जरा फाटकाच. पण लयीला पक्के. त्यांचा ढोलकीवाला झुंबर सगळ्यांना सांगायचा, "भिकनदादा असला की मला मोजायचं काम नाय. मी आपला त्याच्या मागं चालतो." अण्णांनी आयुष्यात दुसऱ्या कशाचा कधी तोरा मिरवला नाही. एवढीच एक गोष्ट त्यांची होती.

जयंतीच्या आधीचा रविवार होता. झुंबरने आदल्या दिवशी ढोलकी वाजवून दिली होती. त्याला हेडफोन लागला नाही, कारण त्याच्याआधी ऐकण्यासारखं काही नव्हतंच. आता ती ढोलकी कानात ऐकत अण्णांनी तिच्यावर गायचं होतं. झुंबर मुद्दाम बघायला आला आणि दाराशी बसला.

अण्णांनी पहिली ओळ म्हटली आणि हेडफोन काढला.

"सनी, माझ्या मागं कोणीतरी गातंय."

"कोण गाणार? तुमचाच आवाज आहे तो, अण्णा. हेडफोनची सवय नाही तुम्हाला."

अण्णांनी पुन्हा सुरू केलं. पडद्यावर प्रत्येक ओळ ढोलकीच्या जरा मागे पडत होती. पाच वेळा झालं, आठ वेळा झालं. मध्येच एकदा अण्णांनी एक कान उघडा टाकला, तर दोन ओळी अगदी चोख बसल्या. सनीने उठून तो कान पुन्हा झाकला. कानावरून सरकलेल्या हेडफोनमधून ढोलकी माइकमध्ये शिरते, असं व्हिडिओत सांगितलं होतं.

"हे मशीन काहीतरी गडबड करतंय," अण्णा म्हणाले.

आवाज नको म्हणून पंखा बंद होता, सनी घामाने भिजला होता. हसत हसत म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं."

झुंबर हसला. अण्णाही हसले. मग त्यांनी विचारलं, "खरंच मागं पडतोय का मी?"

सनीने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. "बघा ना. मशीनला काय खोटं बोलायचंय? वय झालं अण्णा, चालायचंच."

अण्णांनी चष्मा लावून त्या रेघा बराच वेळ बघितल्या.

त्या जयंतीला ते स्टेजवर चढले नाहीत. म्हणाले, घसा धरलाय. पुढच्या वर्षी गुडघा दुखत होता. त्यांची खंजिरी झुंबर घेऊन गेला, तेव्हा "वाजवील कोणीतरी" एवढंच बोलले. सनीला वाटलं, म्हातारपण आलं. वाटून घ्यायला काय लागतं?

दोन वर्षांनी, म्हणजे या जानेवारीत, प्रतिभा नावाच्या शिक्षिका शाळेच्या मुलांसाठी एक गाणं रेकॉर्ड करायला आल्या. पहिली ओळ म्हटली आणि थांबल्या.

"दादा, माझा आवाज मला उशिरा ऐकू येतोय. मी त्याच्यासाठी थांबतेय आणि मागे पडतेय."

सनीने हेडफोन हातात घेतला आणि स्वतःच्या कानावर चढवला. माइक चालू असताना गाणाऱ्याच्या कानांनी त्याने कधी ऐकलंच नव्हतं. तो माइकमध्ये "हॅलो" म्हणाला. पाठोपाठ, पापणी लवायच्या अंतराने, कानात दुसरा "हॅलो" आला. आवाज आधी लॅपटॉपात शिरत होता आणि तिथून फिरून कानात येत होता. साउंड कार्डावर एक बारकं बटण होतं. ते दाबलं की आवाज लॅपटॉपात न शिरता सरळ कानात जातो. सनीने ते दाबलं. "हॅलो" एकच आला.

एका बटणाचं काम होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, पण इथे बैल बापाचा गेला होता. बाईंचं गाणं त्याने कसंबसं उरकलं.

अण्णा दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत होते. सनी त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं, बटणासकट. अण्णा काड्या बाजूला टाकत ऐकत राहिले.

"म्हणजे गात होतं कोणीतरी मागं," ते म्हणाले.

"तुम्हीच होतात, अण्णा. तुमची लय कुठे गेली नव्हती. चूक माझी होती."

"मला वाटलं होतं तसं. पण तू मशीनमध्ये दाखवलंस. म्हटलं, पोरगा शिकलेला आहे, त्याला दिसतंय."

"आता म्हणा ना. हेडफोन नको, माइक नको. इथेच."

अण्णा आधी नको म्हणाले. मग त्यांनी हात झटकले, घसा साफ केला. सनीने ओट्यावर हाताने ठेका धरला. अण्णांनी तीच ओळ उचलली, ती आली जशी यायची तशी, फाटकी आणि भरदार.

पण ओळ संपली आणि अण्णा थांबले. मान किंचित वळवून त्यांनी मागचा कानोसा घेतला आणि मगच पुढची ओळ धरली. ठेका पुढे निघून गेला होता. तिसऱ्या ओळीला तेच झालं. मागून येणाऱ्याची ते अजून वाट बघत होते.

चौथ्या ओळीला सनीने हात जरा सावकाश केला. ओळ ठेक्यात बसली.

अण्णा गायचे थांबले. त्यांनी मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली.

"माझ्यासाठी हात मागं ओढू नकोस, बाळा," ते म्हणाले. "तेवढं अजून कळतं मला."